रोटाचा भाऊबंद

वना नाना समुद्र पाहायला गेला आणि बोकड घेऊन आला, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो बोकड आमच्या कुळात कसा आला, ते सांगायला भाऊबंदकीतलाच माणूस लागतो. म्हणून मी सांगतो.

आमचं गाव एरंडोलच्या खालच्या अंगाला. नाना कपाशीवाला. उंच, वाळकुडा, शेवग्याच्या शेंगेसारखा. नेमाला असा पक्का, की एकदा चतुर्थीच्या दिवशी बैलानं लाथ मारून त्याचे दोन दात पाडले, तर तोंड धरून हा आधी भटाकडे गेला. पोटात रक्त गेलं, उपास मोडला की राहिला? डॉक्टरकडे गेला दुसऱ्या दिवशी, उपास सोडून.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा माप गहू दळायचे, त्या पिठाचा रोट. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. जावयाला नाही, भाच्याला नाही, दारच्या कुत्र्यालाही नाही. खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा सांडायचं नाही, घरच्या खड्ड्यात ओतायचं. आणि पुनवेच्या आत आपापला वाटा संपवायचा. उरला, तर दोष साऱ्या भाऊबंदकीला.

कानबाई कोणाच्या घरी बसवायची, त्याची पाळी ठरलेली. पुढच्या वर्षी पाळी नानाची होती, त्यानंतर आमच्यातल्याच तोताराम आबाची. पिढीजात मान. पण आबाला दम कुठला? नानाच्या हातून नेमात कसूर झाली तर पाळी आपसूक आपल्याकडे येईल, यावर तो डोळा लावून बसलेला.

असं असताना, त्रेपन्न साली, नेमका रोटाच्या दिवसांत नानाचा भाचा शालिग्राम आला. सुरतेच्या पलीकडे एका बंदरावर तो कारकून होता. "मामा, निंदणी झाली, पाऊसही उघडलाय. चार दिवस चला. समुद्र बघा."

नानाची बायको यशोदाबाई म्हणाली, "जा ना एकदाव. तठला लोकेसले बी समजू द्या, मी काय भोगस ते." आणि नानाच्या वाट्याच्या उरलेल्या पिठाच्या पोळ्या करून तिनं धडप्यात बांधून दिल्या.

भाच्याच्या घरी नाना भिंतीकडे तोंड करून रोट खायचा. भाचा पडला परक्या कुळाचा. हात धुवायचा कळशीत. ती कळशी उशाशी घेऊन झोपायचा. शालिग्रामची बायको बिचारी ताट वाढून बसायची आणि मामेसासऱ्याची पाठ बघायची.

पुनवेच्या आदल्या दिवशी भाच्यानं त्याला धक्क्यावर नेलं. नारळी पुनवेसाठी होड्या रंगवणं चाललेलं. नानानं शेवटच्या पोळीचं धडपं एका उपड्या होडीवर ठेवलं, कळशी शेजारी ठेवली, धोतर वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला. एकच पाय. तेवढ्यात मागून चावण्याचा आवाज आला.

काळा बोकड, एक शिंग मोडकं. धडपं खाली पडलेलं, पोळी अर्धी आत.

"थुक! थुक रे!" नाना ओरडत धावला. बोकडानं त्याच्याकडे बघत उरलेली अर्धी गिळली.

नाना वाळूत बसला. तोंड पांढरं. पाळी गेली, मान गेला, आता गावात तोतारामचं तोंड बघायचं. मग उठून बोकडाजवळ गेला, समुद्राच्या पाण्यानं त्याचं तोंड धुतलं, आणि ते पाणी नेमानं कळशीत धरलं.

"मामा, काय करता हे?"

"यानी रोट खादा. रोट भाऊबंदच खास. आते हाऊ आपला भाऊबंद व्हयना."

"मामा, बोकड आहे तो!"

"मंग तोताराम काय येगळा शे का?"

बोकड एका म्हाताऱ्या खारवणीचा, म्हणजे तिथल्या होडीवाल्या कोळणीचा होता. त्यानं त्या महिन्यात दोन जाळी, एक शिडाचा कोपरा आणि समुद्राच्या पूजेचा हार खाल्ला होता. नानानं मागायचा अवकाश, म्हातारीनं दोर हातात दिला. "लई जा भाई, लई जा!" वर एक नारळ दिला. तिची गुजराती नानाला आपलीच बोली वाटली.

त्याच रात्री ताप्तीच्या गाडीत तिकीटवाल्यानं विचारलं, "हा कोण?"

"मना भाऊबंद."

त्यानं दोघांनाही गार्डाच्या डब्यात पाठवलं. धरणगावला तिघं उतरले: नाना, बोकड आणि कळशी.

सकाळी पारावर भाऊबंद जमले, नानानं झालं ते सगळं सांगितलं. आबाच्या मिशा आनंदानं फुलल्या होत्या. "वना, तुना रोट बोकडनी खादा. पाळी गयी."

"रोट भाऊबंदनी खादा," नाना म्हणाला. "कळशीमा तेना तोंडनं पानी बी लई उनू. आनखी काय नेम पाळू?"

भाऊबंद एकेक करून कळशीत डोकावून आले. आबा मात्र अडून बसला. "बरं! भाऊबंद शे ना? मंग पुढला साल तेना नावना सव्वा माप दळ. पुनवना आत तेनी बठ्ठा संपाडा पाहिजे. उरना, ते तुनी पाळी कायमनी मनी."

"चालीन," नाना म्हणाला.

वर्षभरात बोकडानं यशोदाबाईचं लुगडं, दोन केरसुण्या आणि गोठ्याच्या छपराचा एक पाखा खाल्ला. मग श्रावण आला, नानाच्या घरी कानबाई वाजतगाजत बसली आणि गेली. रोटाचे दिवस सुरू झाले. थोडा थोडा करून बोकडानं वाटा खाल्लाही. पण पुनवेच्या आदल्या संध्याकाळी एक पोळी उरली, आणि तिच्याकडे तो ढुंकून बघेना. नानानं गूळ लावला, यशोदाबाईनं शिव्या दिल्या. बोकड रवंथ करत कानबाईच्या रिकाम्या चौरंगाकडे बघत राहिला.

आबा ओट्यावर बसून हसत होता. त्याची बायको भिकुबाई पदर खोचून आली. "हसतस काय? उरना ते दोष आपला घरले बी. पोरगीना लगन शे आवंदा, ध्यानमा शे का?"

आबाचं हसू जागच्या जागी वाळलं. तो उठला, पोळी हातात घेतली आणि बोकडापुढे गुडघ्यावर बसला. "खा रे भो. एकच घास." बोकडानं मान फिरवली. आबा त्या बाजूला सरकला. "मोठा भाऊ म्हनस तुले. खा रे बाप!" सारा वाडा बघत होता, कोणी हसायला धजेना. दोष सगळ्यांच्याच डोक्यावर होता.

शेवटी आबानं डोक्यावरची टोपी काढली, तीत पोळी कुस्करली आणि दोन्ही हातांनी बोकडापुढे धरली. बोकडानं टोपी हुंगली. मग पोळी खाल्ली. मग टोपी खाल्ली.

"देख आबा," नाना म्हणाला, "पक्का भाऊबंद शे. आपला खाईसन तुना बी खाई गया."

आबानं उघड्या डोक्यानं कबूल केलं, की नानाची पाळी कायम नानाचीच. त्याच्या पोरीच्या लग्नाच्या आमंत्रणाची पहिली अक्षत पुडीत घालून बोकडाच्या दोराला बांधली, ती बोकडानं लगेच खाल्ली.

पुढे शालिग्राम आला तेव्हा म्हणाला, "मामा, मागं तुमचा समुद्र बघायचा राहिलाच. एकच पाय भिजला. चला परत."

नाना काही बोलायच्या आत यशोदाबाई आतून ओरडली, "नको रे बा! गोठामा आते जागा नही."