लोडाची शिवण

आज ऑफिसात नवे पडदे आले. कोऱ्या कापडाचा वास सुटला आणि कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी चित्रातल्या गोल सोफ्याला तिसऱ्यांदा फुलांचं कापड चढवणारा माझा हात थांबला.

औशात अण्णांचं, माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान होतं. लग्नसराईत ते बैठकीच्या लोडांना खोळी शिवायचे. मी लहान असताना एका दुपारी त्यांनी गुलाबी फुलांचं कापड लोडाभोवती गुंडाळलं, पण कडा जुळल्या तिथं एक फूल अर्धंच राहिलं.

"अण्णा, फूल तुटलंय की!"

"गोलावर कुठंतरी तुटणारच, माय," दातानं दोरा तोडत ते म्हणाले. "शिवण भिंतीकडं करायची. पाव्हण्याला काय दिसतीय?"

मला तेव्हा ती लबाडी वाटली. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आता लातूरच्या या खुर्चीत रोज तेच करते. सपाट चित्र गोलावर चढवते आणि जोड पाठीमागं लपवते. पण गिऱ्हाईक माउसनं सोफा गरगर फिरवतं, आणि लगेच मेल येतो: मागं फूल तुटलंय.

डोळे चुरचुरतात. अण्णा, इथं भिंतच न्हाई.