बंदुकीला मानवेल तो

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात, गोल्फ खेळतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. आमच्या ह्यांनी छऱ्यांची बंदूक आणली. अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या ह्या घराला लांबलचक बेसमेंट आहे. त्याच्या एका टोकाला मातीने भरलेलं खोकं ठेवून ह्यांनी त्यावर कागदी निशाण लावलं. मी म्हटलं, "झालं! एवढंच राहिलं होतं."

बंदूक एक, पण छऱ्यांचे डबे किती! चपट्या तोंडाचे, गोल डोक्याचे, टोकदार. मसुरीएवढे ते शिशाचे दाणे हे बोटांत फिरवून बघायचे, एखाद्याची कड दबलेली असली की बाजूला टाकायचे. मी तरी कधी तांदूळ इतके निगुतीने निवडले नाहीत. शिसं हाताळलंय म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय मी ताटाला शिवू द्यायची नाही. चपटे नेमबाजीला, कारण ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. गोल डोक्याचे शिकारीला, ते सरळ जातात आणि खोल शिरतात. मला आपले टोकदार आवडायचे, दिसायला कसे तडफदार! ह्यांच्या वाढदिवसाला मी तोच डबा आणला. ह्यांनी लगेच मूठभर छरे चालवून पाहिले. भोकं कुठच्या कुठे पडली.

"दुसऱ्याच्या बंदुकीला चालतीलही हे," हे म्हणाले. "आपलीला मानवत नाहीत. छरा आपल्याला आवडतो म्हणून घ्यायचा नसतो गं. बंदुकीला मानवेल तो घ्यायचा."

"बंदूक आहे का जावई?" मी म्हटलं. पण मनातून हिरमुसले होते.

त्या उन्हाळ्यात खारींनी माझ्या दोडक्याच्या वेलाची वाट लावली. मी वैतागून म्हटलं, "अहो, तळघरात कागद काय फोडताय? त्या मेल्यांना मारा."

"नाही गं. माझा नेम आहे."

"नेम आहे ना? मग मारा की!"

हे इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "तो नेम नाही. तुझा चतुर्थीचा असतो तसला नेम." लहानपणी ह्यांनी बेचकीने एक होला पाडला होता. तो लगेच मेला नाही. संध्याकाळपर्यंत अंगणात फडफडत होता आणि हे नुसते बघत बसले होते. तेव्हापासून जिवंत काही मारायचं नाही, हा नेम. इतकी वर्षं संसार केला आणि मला हे तेव्हा कळलं!

मग एका सकाळी मागच्या कुंपणाशी ससा दिसला. कुठल्यातरी कुत्र्याने कंबर मोडून टाकलेला. मागचे पाय लोळागोळा झालेले, पुढच्या पायांनी सरकायला बघत होता आणि ओरडत होता. ससा ओरडतो हे मला माहीतच नव्हतं. हे प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करत राहिले, कोणी येईना. मला सहन होईना. "अहो, सोडवा हो त्याला!" मी रडायलाच लागले.

हे खाली गेले. चपट्यांचा डबा बाजूला ठेवला, माझा टोकदारही ठेवला. गोल डोक्याच्यातले दाणे फिरवून फिरवून त्यातला एक निवडला. "नेम मोडायचा तर नीट मोडावा," एवढंच म्हणाले. एकच आवाज आला. हे आंघोळ करून आले आणि दिवसभर जेवले नाहीत. बंदूक पेटीत गेली ती परत निघाली नाही.

थंडीत ह्यांना स्ट्रोक आला. मी नेम धरला, हे घरी येईपर्यंत भाताला शिवायचं नाही. मला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणूनच तो धरला. हॉस्पिटलमध्ये मशीन ह्यांचा श्वास घेत होतं. मी रोज ह्यांचे हात पुसायची, बोट अन् बोट. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाहीत, मशीनवर मात्र राहतील. मी म्हटलं, राहू देत. दिसतात तरी. हात गरम लागतो.

लेक डोळे पुसत म्हणाली, "आई, व्हॉट वुड बाबा वॉन्ट?"

मला तिचा असा राग आला! इथे जन्मलेल्या पोरींना काय कळतंय, असं तोंडावर आलं होतं. पण ह्यांच्या नाकातोंडातल्या नळ्यांकडे पाहिलं आणि ह्यांचंच बोलणं कानात आलं, आपल्याला आवडतो म्हणून नाही गं. मला ते हवे होते, कसेही, नुसते पडून का होईना. ते माझं झालं. त्यांना काय मानवलं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

"सोडवा त्यांना," मी म्हटलं. लेकीने ते डॉक्टरांना इंग्लिशमध्ये सांगितलं.

घरी आलो तर शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, वर पिठलं घातलं आणि "दोन घास खा" म्हणून पाठीवर हात ठेवून बसल्या. लेक माझ्याकडे बघत राहिली, तिला नेम ठाऊक होता.

मी उठून हात साबणाने धुतले. मग बसले आणि सगळा भात खाल्ला.