हर्नियाचा पट्टा

"यांचं अंग खाली उतरलंय," उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. इंग्रजीत याला प्रोलॅप्स म्हणतात. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर. गर्भाशय, मूत्राशय, आतडं सगळं तिच्यावर तोललेलं असतं. झोळी सैल पडली की वरचं खाली येतं.

आई पदराचं टोक पिळत बसली होती. कधीपासून आहे, असं मॅडमनी विचारलं. "ही शाळेत होती तेव्हापासून," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. मला नोकरी लागून आता काही वर्षं झाली आहेत.

मोरिवलीच्या एका कारखान्यात आईने अर्धं आयुष्य खोकी उचलली. पप्पा त्याच कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे, आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. पगार, बोनस, कंत्राटी पद्धत, सगळं त्यात असायचं. जड खोकी उचलून बाईच्या अंगाचं काय होतं, यावर एक ओळ नव्हती. पुढे मी स्वतः लिहिलेल्या पत्रकांतही नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. गर्भाशय काढलं आणि सैल पडलेली झोळी टाक्यांनी आवळून घेतली. यालाच पेल्व्हिक फ्लोअर रिपेअर म्हणतात. वॉर्डातल्या सिस्टर रात्रपाळी संपली तरी आईला पहिल्यांदा उभं करण्यासाठी थांबल्या होत्या. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

घरी येताना रिक्षात आईने बजावलं, कोणी विचारलं तर हर्निया सांग. मी तावातावाने बोलू लागले, की यात लाज कसली, खोटं का बोलायचं. "तुझं भाषण घरी," आई म्हणाली. "इथे रिक्षावाला ऐकतोय."

मग आमच्या बुद्धविहारातल्या बायका फळं घेऊन आल्या. आमच्या गल्लीतल्या कांबळे मावशींनी फळांसोबत पोटाला बांधायचा रुंद पट्टा आणला. त्यांच्या दिरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, ते म्हणे या पट्ट्यानेच उभे राहिले. "आवळून बांध, सुनंदा," असं त्या रोज संध्याकाळी डोकावून सांगायच्या. आई बांधायची. नाही कसं म्हणणार?

टाके भरले, दुखणं मात्र गेलं नाही. बसलं की खाली खडा टोचावा तसं व्हायचं, मग मांडीपर्यंत जळजळ. तपासणीला गेलो की बाकावर सगळ्या बसलेल्या आणि आई भिंतीला टेकून उभी. मॅडम टाके बघून सांगायच्या, छान भरलेत, थोडा वेळ द्या. आम्ही वेळ दिला. उल्हासनगरच्या बाजारातून मधे भोक पाडलेली फोमची उशी करून घेतली. "पाइल्स है क्या, माताजी?" दुकानदाराने विचारलं. आई हो म्हणाली. तोवर हर्नियाच्या जोडीला मूळव्याधही झाली होती.

वर्षावास जवळ आला होता. पावसाळ्याचे हे तीन महिने आमच्या विहारात ग्रंथवाचन चालतं, आणि कित्येक वर्षं ते आईच करते. कारखान्यात तिला कोणी विचारलं नाही, पण इथे तिच्या आवाजासाठी माणसं थांबतात. मी खुर्चीचं सुचवलं. "वाचणारी वर आणि ऐकणारे खाली, असं आपल्यात नाही," ती म्हणाली. घरी तिने सतरंजीवर बसून वाचून पाहिलं. एक पान पुरं व्हायच्या आत तिने ग्रंथ मिटला आणि म्हणाली, "यंदा दुसरी कोणी बघा."

पुढच्या खेपेला मी मॅडमना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बदलापूरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. या बाईंनी तपासायला पदर बाजूला करायला सांगितला आणि पट्टा बघून त्या थांबल्या. हा कोणी दिला?

तळाला नुकतंच शिवलंय आणि तुम्ही वरून दाबताय, असं त्यांनी समजावलं. शिवाय पुन्हा काही खाली येईल या भीतीने आई खालचे स्नायू दिवसभर आवळून धरत होती. त्याला हायपरटोनिक म्हणतात, म्हणजे सैल व्हायचं विसरलेला स्नायू. मूठ दिवसभर वळून ठेवली तर हात दुखणारच. आईने हर्नियाची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या. "आजार हर्नियाचा सांगितलात, मग उपचारही हर्नियाचाच मिळाला."

पट्टा सुटला. गुडघे वर घेऊन झोपायचं, श्वास पोटात खोल घ्यायचा आणि खालचं सोडून द्यायचं, हा व्यायाम सुरू झाला. आवळणं तिला येत होतं, सोडणं शिकायला वेळ लागला. दुखणं हळूहळू उतरलं. पूर्ण गेलेलं नाही. पण दुखणं टाके भरल्यावरही राहिलं, तर "होईल बरं" एवढ्यावर उठू नका. पुन्हा जा, पुन्हा सांगा, आणि आजाराचं खरं नाव सांगा.

वाचनाच्या पहिल्या दिवशी आई उशी घेऊन विहारात गेली. त्रिशरण-पंचशील झालं. ग्रंथ उघडण्याआधी तिने पिशवीतून पट्टा काढला आणि कांबळे मावशींपुढे धरला.

"ताई, हा तुमचा. माझं हर्नियाचं नव्हतं. अंग बाहेर येत होतं माझं, त्याचं ऑपरेशन झालं."

मागे बसलेले पुरुष जमिनीकडे बघू लागले. माझ्या एकाही पत्रकाने विहारात एवढी शांतता केली नसती.

"मग आधी सांगायचंस ना," कांबळे मावशी म्हणाल्या. "त्या पट्ट्यासाठी अख्खं मार्केट पालथं घातलं मी."

बायका हसल्या, आईसुद्धा. मग तिने वाचलं. मधे थोडा वेळ उभी राहून, मग पुन्हा बसून, पण प्रकरण पुरं केलं.

चपला घालताना मावशी माझ्या बाजूला सरकल्या. ती बदलापूरची बाई कुठल्या वारी बसते, असं त्यांनी हळूच विचारलं. मी मंगळवार सांगितला. त्यांनी पट्टा काखेत धरला.

"तुझ्या आईला विचार," त्या म्हणाल्या, "माझ्यासोबत येईल का."