सुजलेले शब्द

ठणठणीत माणसाला उचलून दवाखान्यात नेता येतं, याचा मी जिवंत पुरावा आहे.

कारण झालं इंग्रजी. आमच्या कॉलनीच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक स्पर्धा असते. शब्दाच्या शेवटची अक्षरं आधीच सांगून ठेवतात, त्या अक्षरांनी संपणारे इंग्रजी शब्द आपण पाठ करून यायचे. स्टेजवर निवेदक मराठीत अर्थ सांगतो, आपण शब्द सांगायचा. गेल्या वर्षी शेजारचे चौधरी जिंकले आणि तेव्हापासून ते दूधवाल्याशीसुद्धा इंग्रजीत बोलतात. (दुधात काही फरक पडलेला नाही.) यंदाची अक्षरं होती आय-टी-आय-एस. आयटिस. म्हणजे सूज! माणसाच्या अंगात जे जे सुजू शकतं, त्या प्रत्येकासाठी इंग्रजीत एक शब्द काढून ठेवलाय, हे मला तेव्हा कळलं.

शनिवारी संध्याकाळी माझी बायको वंदना पोळ्या लाटता लाटता माझी परीक्षा घेत होती. त्याआधी नरखेडहून तिच्या मोठ्या भावाचा, दादांचा, फोन येऊन गेला होता. बोलणं झाल्यावर वंदनाने फोन ठेवला. म्हणजे ओट्यावर ठेवला. बंद केला नाही!

“जठर?” वंदनाने विचारलं.

“गॅस्ट्रायटिस!” मी गरजलो.

“सांधे?”

“आर्थ्रायटिस!”

“यकृत?”

“हिपॅटायटिस!”

“मेंदूवरचं आवरण?”

“मेनिंजायटिस! बस, इतकेच हायेत मले.”

“इतक्यानं काय होते? उद्यापर्यंत अजून पाहिजेत. आन् पाहा, उद्या वर गेल्यावर घाबरायचं नाही. खाली सारे लोक बसून असतीन, त्यायच्याकडे पाहायचं नाही. शांतपणे जायचं.”

“तू येशीन ना सोबत?”

“मी कायले? तुमी एकटे जा. मी खालून टाळ्या वाजवीन.”

तिकडे संत्र्याच्या बागेत दादांच्या हातातून मोटरचा पाना विहिरीत पडला म्हणे.

रविवारी सकाळी मी व्हरांड्यात तर्री-पोहे खात बसलो होतो. फाटकाशी जीप थांबली. आधी मोसंब्यांची पेटी उतरली, मग दादा, मग वहिनी आणि शेवटी वंदनाची मावशी. मावशींनी माझी प्लेट पाहिली आणि तिथेच हंबरडा फोडला, “शेवटचं खाऊन राहिला वं!”

दादांचे डोळे लाल झाले होते. ते वंदनाकडे वळले. “काहून सांगतलं नाही वं आमाले? नवरा वर जाऊन राहिला आन् तू टाळ्या वाजवतं?”

वंदनाला सगळा उलगडा एका क्षणात झाला. तिने पदर तोंडात कोंबला आणि ती खालीच बसली. हसण्याने तिचे खांदे गदगदा हलत होते.

“रडू दे तिले,” वहिनी म्हणाल्या. “मोकळी होईन.”

“दादा, मले काही झालं नाही!” मी ओरडलो. “ते नुसते शब्द होते!”

“शब्दच असतेत जवाईबुवा,” दादांनी मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला. “आमच्या गावात एकाले असाच शब्द झाला होता. एकच! दिवाळी पाहिली नाही त्यानं. तुमाले तं किती हायेत!”

मी ओरडून स्पर्धा समजावली. आय-टी-आय-एस समजावलं. सूज समजावली. जितका समजावत गेलो, तितकी मावशींची खात्री पटत गेली. “पाहा, कसा बडबडून राहिला! ते मेंदूचं होतं ना त्यातलं एक? तेच चढलं!” मग दादांनी मला बगलेतून धरलं, वहिनींनी माझी चप्पल घेतली, हसू न आवरणारी वंदना मागे बसली आणि जीप सदर भागातल्या दवाखान्याकडे निघाली. फाटकात उभे राहून चौधरींनी मला इंग्रजीत शुभेच्छा दिल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दादांनी एकेका अवयवावर बोट ठेवून त्यांना माझी सगळी दुखणी सांगितली.

“हे सगळं एकाच माणसाला?” बाई माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या.

“नाही हो! ती स्पर्धा…” मी जीव खाऊन ओरडलो आणि तेवढ्यात माझा आवाजच गेला. सायकलच्या ट्यूबमधली हवा जाते, तसं काहीतरी फुसफुसलं फक्त. बाईंनी टॉर्च लावून घसा पाहिला.

“घाबरण्यासारखं काही नाही. लॅरिन्जायटिस. स्वरयंत्राला सूज आलीय. आता चार दिवस तोंडातून एक अक्षर काढायचं नाही.”

“घ्या!” दादा खुर्चीत कोसळले. “अजून एक निघाला!”

मग वंदनाने, हसू कसंबसं आवरत, बाईंना सगळा प्रकार सांगितला. बाई इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले. दादा मात्र हसले नाहीत. “आता आलोच हाओत तं स्पर्धा पाहूनच जाऊ,” ते म्हणाले.

संध्याकाळी वंदनाने परोपरीने विनवलं, तरी मी स्टेजवर चढलो. एखाद्या शब्दापुरता आवाज निघेल, अशी मला आशा होती. चौधरींचे सगळे शब्द बरोबर आले, एक सोडून. आधीच्याला अडलेला शब्द जो सांगेल त्याचं बक्षीस, असा नियमच होता. तोच अडलेला अर्थ निवेदकाने माझ्यापुढे टाकला. “हा सांगितला तर बक्षीस तुमचं! स्वरयंत्राला सूज येणे?”

माझ्या आयुष्यात असा क्षण पुन्हा येणार नव्हता. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं…

फुस्स!

मी घशाकडे बोट दाखवलं. “घसा? नाही सर, इंग्रजी शब्द हवाय,” निवेदक म्हणाला. मी जीभ बाहेर काढून दाखवली. पुढच्या रांगेतली दोन पोरं किंचाळली. मी बोटाने हवेत स्पेलिंग लिहिलं. “सर सही देतायत!” निवेदकाने जाहीर केलं. आणि घंटा वाजली.

बक्षीस चौधरींना गेलं. माझं म्हणाल तर, त्या अख्ख्या मांडवात अर्थ माझ्याइतका खोलवर कोणाच्याच अंगात भिनला नव्हता. शब्द तेवढा फुटला नाही!