रिव्हर्सची तार

कॅप्टन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सत्तावीस वर्षं कचऱ्याची गाडी हाकली, पण डोक्यावर कायम टोपी आणि चेहऱ्यावर जहाज चालवत असल्याचा भाव. कोणीतरी कधीतरी चिडवलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा रागावली की कॅप्टनच म्हणायची.

त्यातली जवळपास सगळी वर्षं डिझेलच्या गाडीत गेली. चढ आला की ती गाडी धापा टाकायची आणि मागच्या माणसाचं तोंड काळं करायची. त्यामुळे बॅटरीवरची गाडी आली तेव्हा कॅप्टनला अगदी आभाळ ठेंगणं झालं. गाडीच्या दोन्ही अंगांना हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : धूर नाही, आवाज नाही. दुपारी चार्जिंगला लावताना तो ती अक्षरं फडक्याने पुसायचा. त्यांचा मुकादम म्हणायचा, "कॅप्टन, आता तिला काजळही घाला."

गाडीवर त्याच्या जोडीला अकरा वर्षं ताई होती. घरोघरचे डबे आणायचे, ओलं-सुकं वेगळं करायचं आणि गाडीत टाकायचं, हे तिचं काम. पुढचं तो बघणार, मागचं ती. तसं ठरवलं कोणीच नव्हतं, पडत गेलं. गाडीकडे पाठ करून, कंबरेत वाकून ती कचरा निवडायची. जुन्या इंजिनाचा सूर बदलला की तिला कळायचं, दादा गाडी मागे घेतोय, बाजूला व्हा. नव्या गाडीला तसा सूरच नव्हता. त्याऐवजी मागे जाताना पों-पों करणारा एक भोंगा होता. आठवडाभरात ताईचे कान त्याला सरावले.

गल्लीतल्या लोकांचे मात्र सरावले नाहीत. पहाटे सहाला पों-पों सुरू झालं की खिडक्या उघडायच्या आणि तोंडंही. तक्रारी मुकादमाकडे गेल्या. तो म्हणाला, "लेखी काही देत नाही. पण बघा काहीतरी. गाडीवर लिहिलंय आवाज नाही, आणि आपण लोकांची झोप उडवतोय."

कॅप्टनच्या हाताला भारी सफाई, आणि तीच नडली. सीटखालची एक तार त्याने उपटली, टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळली आणि दोन मिनिटांत मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी गल्लीतून त्याला चहा आला. माणसाला शहाणं म्हणवून घ्यायला इतकंच पुरतं.

ताई त्या आठवड्यात रजेवर होती, लेकीच्या बाळंतपणासाठी. बदली आलेला माणूस कामचुकार. तो पायरीवर उभा राहून विडी ओढायचा, गाडीच्या मागे कधी फिरकलाच नाही. म्हणून चार दिवस काहीही झालं नाही.

पाचव्या दिवशी ताई आली. कॅप्टनला मनापासून बरं वाटलं.

"काय झालं, मुलगा की मुलगी?"

"मुलगी. नाक माझ्यावर गेलंय बिचारीचं."

दोघं हसले. दोन गल्ल्या बाळाच्या गोष्टींत गेल्या. चार शब्द बोलायचे होते : ताई, भोंगा बंद केलाय. ते राहून गेले. यात काही दुष्टावा नव्हता, हे मलाही मान्य आहे. पण चार शब्दांना किती वेळ लागतो?

तिसरी गल्ली पुढे बंद होती, गाडी मागे घ्यावी लागणार होती. कॅप्टनने आरशात पाहिलं, कोणी दिसलं नाही. ताई वाकलेली होती. गाडीला कसला तरी धक्का बसला तेव्हा त्याला वाटलं, डबा असेल.

डावा पाय मांडीपासून कापावा लागला.

त्याच दुपारी मुकादमाने स्वतःच्या हाताने तार पुन्हा जोडली. चौकशीचे साहेब दुसऱ्या दिवशी आले, गाडी मागे घ्यायला लावली. भोंगा छान वाजला. मुकादमाने कॅप्टनला बाजूला घेतलं. "तिचा पाय काही परत येणार नाही. तुमची निवृत्ती वीस महिन्यांवर आलीय. तोंड बंद ठेवा." कॅप्टनने मान खाली घातली. कागदावर आलं : कामगाराचा निष्काळजीपणा. गाडीचा दोष निघाला असता तर ताईला बसून करायचं काम देणं कंपनीला भाग होतं. आता नोकरीच गेली. दवाखान्यात तिच्यापुढे कागद धरला, तिने काही न विचारता सही केली.

तिला ते खरंच वाटत होतं, हे सगळ्यात वाईट. कॅप्टन रोज दवाखान्यात जायचा, स्टुलावर बसायचा, सफरचंद कापून द्यायचा. ती म्हणायची, "तुम्ही का झुरता दादा? माझंच लक्ष नव्हतं. नातीच्या नादात होते." एकदा तिने डॉक्टरांकडून कानही तपासून घेतले. "कान ठणठणीत आहेत म्हणे. म्हणजे डोकंच ठिकाणावर नव्हतं माझं." कॅप्टन सफरचंदाच्या साली गोळा करत बसला. त्याला स्वतःची किळस आली, पण तोंड उघडलं नाही. असे दोन महिने गेले.

मग एका दुपारी लेक बाळाला घेऊन आली. आजीच्या हातात द्यायला तिने दुपटं पुढे केलं, तर ताईने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको गं. मी बेसावध बाई. माझ्या हातून काही झालं तर?"

लेकीने समजावलं, रागावली, शेवटी रडली. ताईने हात काही पुढे केले नाहीत. मग कॅप्टनच्या तोंडून ते निघालं. तार कोणी काढली, कधी काढली, पुन्हा कोणी जोडली, सगळं. बोलताना तो बाळाकडे बघत होता, ताईकडे बघायची छाती झाली नाही.

ताई म्हणाली, "सांगायचं तरी होतंत."

कॅप्टन रडू लागला. ती "असू दे" म्हणेल, अशी त्याला कुठेतरी आशा होती. अकरा वर्षांत ती पुष्कळदा तसं म्हणाली होती.

"माझ्यापुढे रडू नका," ताई म्हणाली. "जिथे तो कागद झाला, तिथे जाऊन सांगा."

तो गेला. मुकादमाने जिन्यात अडवलं, "स्वतः बुडताय, मलाही बुडवताय," म्हणाला. कॅप्टनने टोपी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं लिहून दिलं. आठवड्यात त्याची नोकरी गेली. बायकोने चार दिवस अबोला धरला, मग पाचव्या दिवशी नुसतंच ताट वाढलं. ताईला कचरा निवडण्याच्या शेडमध्ये खुर्ची मिळाली. नातीला ती आता मांडीवर घेते, उरलेल्या मांडीवर, असं कानावर आलं.

शेडपर्यंत तो तीनदा गेला आणि फाटकावरूनच परत फिरला. शेवटी लेकीकडे निरोप दिला : भेटायला येऊ का?

दोन दिवसांनी लेक दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"आई म्हणते, यायचं तर या. पण समोरून या, लांबूनच हाक मारत या. हल्ली मागून कोणी आलं की ती खुर्चीवरून पडते."