घडी घातलेल्या चिठ्ठ्या
खंडेनवमीला झेंडूचा आणि मशीनच्या तेलाचा एकत्र वास आला, की कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं आमचं ऑफिस आठवतं. त्या वर्षी वजनकाट्याची पूजा झाल्यावर शेठनी इंग्रजी शब्दांची स्पर्धा ठेवली: डब्यातून चिठ्ठी काढायची आणि अर्थ सांगायचा. जिंकेल त्याला परदेशी पत्रव्यवहाराचं टेबल! चिठ्ठ्या शेठनी लिहिल्या, घड्या मात्र मी घातल्या. शेवटी मी आणि खाडीकाठच्या गावातली टायपिस्ट मुलगी, दोघंच उरलो. हमाल, ड्रायव्हर सगळे दारात दाटले होते. ‘एमिनंट’ म्हणजे नामवंत आणि ‘इमिनंट’ म्हणजे येऊ घातलेलं, हा फरक तिनं झटक्यात सांगितला, तशा शिट्ट्या वाजल्या. “काका, घाम पुसा, आता तुमची पाली हाय!” ती ओरडली. मी डब्यात हात घातला आणि कोपरा दुमडून ठेवलेली सोपी चिठ्ठी चाचपून काढली. ‘व्हाइस व्हर्सा’! ‘उलटही तेवढंच खरं,’ मी खणखणीत अर्थ सांगितला. मग तिला ‘साइनी डाय’, म्हणजे बेमुदत तहकूब, आलं, ती अडली, आणि ऑफिस माझ्या नावानं दणाणलं. पहिली टाळी तिचीच होती. इतकी वर्षं हे कुणाला बोललो नाही, म्हणून आज लिहून ठेवतो: ते टेबल तिचं होतं, आणि निवृत्त होईपर्यंत मी त्यावर बसलो.