शिळं पाणी

आमच्या कळंबच्या गल्लीत गुरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर राहतात. चहासुद्धा आधी हुंगतात, मग पितात. माझ्या लेकीच्या माशावर पांढरे ठिपके आले तेव्हा म्हणाले, "चिमूटभर मीठ घाला. पाणी दोन दिवस शिळं करून मगच बदला. लई घाई न्हाय करायची, सर."

मी पडलो विज्ञानाचा मास्तर! आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. ब्लीचिंगच्या वासाचं ते ताजं पाणी थेट काचपेटीत ओतलं. सकाळी मासा उलटा तरंगत होता.

कंपाउंडरांनी पाण्यात बोट बुडवून हुंगलं आणि माझ्याकडं पाहिलं. लेकीनं रडत विचारलं, "आजोबा, कशानं मेला?"

"म्याच मीठ जास्त सांगितलं, बाई."

ते अजून रोज तिला हाक मारतात. ती ओ देत नाही, आणि मी गप्प असतो.